महाग पेट्रोलची ताकद कोणाच्या खिशात?



भिवंडी तालुक्यातले खारबाव हे वसई-दिवा रेल्वेमार्गावरचे गाव. मुलूख मूळचा भातशेतीचा, आता त्या पट्ट्यात गोदामेच गोदामे. भिवंडीच्या मागांवर कापसाचे सूत जाते आणि गोदामांत मालाची चढउतार करायला कापूस पिकवणाऱ्यांची पोरे जातात.

असाच एक भाचा खारबावहून दिवाळीला गावी आला. फटफटी शंभर सीसीची. म्हणाला, "मामा, मी साधे पेट्रोल टाकतच नाही. प्रीमियम टाकतो. गाडी कशी पळते बघा." मी विचारले, "लिटरमागे जादा किती मोजतोस?" त्याने ते कधी पाहिलेच नव्हते. शंभराची नोट द्यायची आणि किक मारायची!

म्हणून हा हिशेब. 1980 साली चाकणच्या कांदा आंदोलनापासून आपण एकच गोष्ट शिकलो. भावाबद्दल बोलण्याआधी खर्च मांडायचा. तो नियम कापसाला लागतो तसा पेट्रोललाही लागतो.

पंपावर 91, 95, 100 असे आकडे सांगतात. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने 100 ऑक्टेनचे पेट्रोल बाजारात आणले. आकडा मोठा म्हणजे ताकद मोठी, असे सगळ्यांना वाटते. ते खरे नाही. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडते. कधी दाबामुळे आणि उष्णतेमुळे पेट्रोल ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटते. मग इंजिन ठकठक वाजते आणि आतून मार खाते. तसे अवेळी न पेटण्याचा दम म्हणजे ऑक्टेन. त्यात जादा उष्णता नाही, जादा ताकद नाही.

आपल्या शंभर सीसीच्या गाड्या मिश्रण साधारण दहापट दाबतात. त्यांना 91 चे पेट्रोल पुरते. 100 चे घातले तर त्या जादा दमाला काम काय? कोरडवाहू बरड रानात चार पाण्यांचे बागायती वाण पेरण्यासारखे ते झाले. पिशवीवरचा आकडा मोठा, पण रानात पाणी कुठे आहे? ज्या गाडीच्या पुस्तकात कंपनीनेच 95 किंवा त्याहून वरचे मागितले आहे, त्या जास्त दाबाच्या गाडीला ते जरूर घालावे. तिथे तो खर्च नव्हे, गरज आहे. पुस्तकात नसेल तर घालू नये.

आता पैसे. 95 ऑक्टेनच्या पेट्रोलला साध्यापेक्षा लिटरमागे आठ रुपये जादा धरा. महिन्याला वीस लिटर जाळले तर 160 रुपये, वर्षाला 1920 रुपये. 2025-26 च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला 3699 रुपये जाहीर झाला. म्हणजे वर्षाकाठी अर्ध्या क्विंटलहून जास्त ज्वारी नुसत्या धुरात गेली. आणि हमीभावाने ज्वारी किती जणांची विकली जाते, हे तुम्हाला सांगायला नको.

काही जण म्हणतात, साध्या पेट्रोलने गाडी ठकठक करते. करत असेल तर आधी भेसळीचा संशय घ्या. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की ऑक्टेन खाली येतो. हा धंदा किती माजलेला होता? 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ तेलमाफियांनी अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळले. अधिकाऱ्याची ही गत, तर गिऱ्हाईकाची काय कथा? पण गिऱ्हाईक अगदीच निहत्था नाही. फिल्टर पेपरवर थेंब टाकून बघायला मागता येते, चांगले पेट्रोल डाग न ठेवता उडून जाते. घनता तपासून मागता येते. मापाची शंका आली तर पाच लिटरचे शिक्का मारलेले माप मागता येते. हे हक्क फुकट आहेत. प्रीमियम पेट्रोल हा भेसळीवरचा इलाज नव्हे.

ट्रॅक्टरवाल्यांनी तर ऑक्टेनचा विचारही करू नये. तो प्रश्न डिझेलचा नाही. फवारणीचा पंप पेट्रोलवर चालत असेल तर हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून ठेवा. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, आणि इथेनॉल ओलावा ओढून घेते.

इथेच खरी गोष्ट सुरू होते. इथेनॉल ऑक्टेन वाढवते. 2025 साली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलचे लक्ष्य गाठले गेले, आणि त्यामुळे साधे पेट्रोलही 95 ऑक्टेनचे झाले असे केंद्र सरकारनेच त्या वर्षी सांगितले. मग 95 साठी वेगळे पैसे कशाला? दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. इथेनॉलमध्ये उष्णता कमी असते. दुचाकीचे ॲव्हरेज तीन ते चार टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. ती घट गिऱ्हाईक सोसतो.

म्हणजे ऑक्टेन शेतातून येतो! मग त्याचे दाम शेतात येतात का? इथेनॉलचे गिऱ्हाईक तेल कंपन्या आणि भाव ठरवणार सरकार. डिसेंबर 2023 मध्ये एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली, पुढे ती सैल केली, पुढच्या हंगामासाठी उठवली. अशा लहरीवर कोण भांडवल लावील?

आणि ज्वारी कुठे आहे? फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'मधुरा' ही गोड ज्वारी तयार केली. कणसाचे दाणे घरात आणि ताटाच्या रसाचे इथेनॉल, असा तिचा विचार. 2018 च्या जैवइंधन धोरणात गोड ज्वारीचे नावही आहे. पण कारखाने उसाला आणि मक्याला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला धोरणातली एक ओळ!

प्रीमियम पेट्रोल विकायला आमची हरकत नाही. ज्याला परवडते त्याने घ्यावे, बाजार आहे. आमचे म्हणणे एवढेच, की पंपावर गिऱ्हाईकाला निवड मिळते तशी शेतकऱ्यालाही मिळू द्या. गोड ज्वारीपासून इथेनॉल करायला, ते हव्या त्या गिऱ्हाईकाला हव्या त्या भावाने विकायला मोकळीक द्या. रातोरात बंदी घालू नका.

भाच्याने परत जाताना साधेच पेट्रोल भरले. गाडी खारबावला पोचली, वाटेत कुठे अडली नाही. तुमच्याही पोरांना एवढा हिशेब सांगा. आणि इथेनॉलचा हिशेब सरकारला विचारायचा असेल, तर तो ठराव याच बैठकीत मांडा.