लांडगे कुणाला म्हणता?

माझी पुतणी दहावीला आहे. घाटकोपरच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती परवा 'ट्वायलाइट' वाचत बसली होती. भूमितीच्या वहीखाली दडवून. पकडली तर म्हणते, "काका, प्रेमाचं पुस्तक आहे, ओरडू नको ना."

ओरडणार नव्हतोच. पोरीबाळींनी प्रेमाचं वाचलं की ज्यांच्या पोटात दुखतं, त्या मास्तरांची आणि समीक्षकांची जात मला ठाऊक आहे. पोरी वाचतात ते हलकं, आणि यांच्या बंगल्यातल्या रडगाण्यांना मात्र साहित्य म्हणायचं! गेले खड्ड्यात.

पण पुढे ती म्हणाली, "मी टीम एडवर्ड. जेकब काळा आहे, आणि रागीट." बोलणारी पोर माझ्यासारखीच काळी. शाळेच्या गॅदरिंगला तिला मागच्या रांगेत उभं करतात. माझं डोकं सणकलं. फुटपाथवरून चारही भाग आणले आणि रात्रपाळीत वाचून काढले.

तर दोस्तांनो, गोष्ट अशी. स्टेफनी मेयर या अमेरिकन बाईंनी २००५ ते २००८ मध्ये हे चार भाग लिहिले. दहा कोटींच्या वर प्रती खपल्या. एडवर्ड रक्त पिणारा. पण गोरा, संगमरवरी, उन्हात चमचमणारा. बाप डॉक्टर, दारात व्होल्वो, घरात पियानो. शंभरी गाठलेला हा इसम शाळेच्या बाकावर बसतो आणि सतरा वर्षांच्या बेलावर जीव टाकतो. रात्री तिच्या खोलीत चोरून शिरतो, ती झोपलेली बघत बसतो. याला म्हणायचं प्रेम.

जेकब क्विलयूट जमातीचा, आदिवासी. राग आला की त्याचा लांडगा होतो. त्याच्या टोळीचा म्होरक्या सॅम. एकदा सॅमचा राग अनावर होतो आणि जवळ उभ्या एमिलीचा चेहरा फाटतो. ती त्याच्याच सोबत राहून टोळीसाठी मफिन भाजते, हसतमुखानं. गोऱ्याला रक्ताची भूक लागली तर ती त्याच्या संयमाची परीक्षा, आणि सावळ्याचा हात सुटला तर तो त्याच्या रक्तातला दोष. ओळखीचं वाटतं की नाही? शेवटी जेकबला बेला मिळत नाहीच. तिच्या तान्ह्या पोरीशी त्याची जन्माची गाठ मारून टाकतात. म्हणजे गडी घरातच राहिला.

एडवर्डचा एक भाऊ आहे, जास्पर. माणूस होता तेव्हा टेक्ससमधून दक्षिणेच्या फौजेत मेजर होता. गुलामी टिकवायला लढलेली फौज ती. बेला त्याला एका शब्दानं विचारत नाही की बाबा, बंदूक कुणासाठी धरली होतीस? ब्लॅक पँथरांचं नाव घेऊन १९७२ साली मुंबईत जे उभे राहिले त्यांची आपण पोरं. आपल्याला तरी हे खटकलं पाहिजे.

"अरे, ती फँटसी आहे!" असं कुणीतरी म्हणणारच. मान्य. मग फँटसीच करायची होती तर रक्तपिपासूंना कलन हे बनावट घराणं दिलं, तसं लांडग्यांनाही बनावट नाव द्यायला काय झालं होतं? क्विलयूट खरे आहेत. वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर, ला पुश इथं आजही राहतात. मेयरबाईंनी जास्त पावसाचं गाव इंटरनेटवर शोधलं, फोर्क्स सापडलं, शेजारी ही वस्ती सापडली. न जाता लिहिलं. त्या लोकांच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेत लांडगा आहे, पण तिथं लांडग्याचा माणूस होतो. बाईंनी माणसाचा लांडगा केला. एवढाच फरक, आणि सगळा फरक.

कादंबरीत रक्तपिपासू आणि क्विलयूट यांच्यात करार होतो, आणि दोघं तो पाळायला बघतात. खरा करार १८५५-५६ चा. त्यानं त्यांच्या हातून अफाट मुलूख गेला. १८८९ साली त्यांच्यासाठी जेमतेम एक चौरस मैल राखून ठेवला. त्याच साली माणसं हॉप्सच्या मळ्यांवर तोडणीला गेली असताना एका गोऱ्या वसाहतवाल्यानं गावातली सव्वीस घरं जाळली. वस्ती कशी जळते हे मी तुम्हाला सांगायला नको. हा रक्तपिपासू मात्र चार भागांत कुठं दिसत नाही.

तो एक मैलही समुद्राच्या तोंडाशी. त्सुनामी आली तर शाळेसकट गाव वाहून जाईल, म्हणून हे लोक वर्षानुवर्षं उंचावरची जमीन मागत होते. राष्ट्रीय उद्यानातली जमीन द्यायचा कायदा झाला २०१२ मध्ये. त्याच साली शेवटचा सिनेमा लागला. जगभरच्या पोरी जेकबच्या उघड्या छातीवर किंचाळत होत्या, आणि जेकबच्या खऱ्या भावंडांची शाळा लाटेच्या वाटेवर उभी होती. पुस्तकाच्या कमाईतला वाटा मागायचा कायदेशीर हक्क त्यांना नाही, कारण जमातीच्या कथेवर कॉपीराइट लागत नाही. आपल्या आज्यांच्या ओव्यांवरही लागत नाही.

आता इथलं ऐका. एडवर्ड रात्री पोरीच्या खोलीत शिरतो, त्याची पोस्टरं भिंतीवर लागतात. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला २०१४ साली आपल्या सतरा वर्षांच्या पोराला वरच्या जातीच्या पोरीशी बोलतो या संशयावरून ठार मारलं. २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. तो कुणाच्या खोलीत शिरला नव्हता.

हे सगळं पुतणीला सांगितलं. ती ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "काका, पटतंय रे. पण मला तो आवडतो, त्याचं काय करू?"

साला, मला उत्तर सुचलं नाही. छत्तीस वर्षांचा झालो, मलाही लहानपणी पडद्यावरच्या गोऱ्याच नट्या आवडायच्या.

म्हणून पोरींनो, पुढचा अंक तुमचा. फुटपाथवर चार भाग स्वस्तात मिळतात, नाहीतर माझे घेऊन जा. वाचा आणि लिहा. एडवर्ड का आवडतो ते लिहा, एमिलीच्या बाजूनं लिहा, मला शिव्या घाला. शुद्धलेखन कुणी तपासणार नाही. पानं राखून ठेवलीत. पुतणीनं तिचं पान आधीच मागितलंय, फक्त भूमितीचा पेपर झाल्यावर देते म्हणाली.