साडेसाती खरी आणि ड्रॅगन खोटा?

बदलापूर ते सीएसएमटी 68 किलोमीटर, लोकलने दीड तासाच्या आसपास. या वेळात मी सध्या उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' वाचतो. 1968 सालचं, वाढत्या वयातल्या मुलांसाठी लिहिलेलं पुस्तक. मुखपृष्ठ बघून दर दोन दिवसांनी कुणीतरी विचारतंच, "मुलाचं वाटतं?" नाही हो. वय सेहेचाळीस, पुस्तक माझं.

अंबरनाथला एक गृहस्थ चढतात. मधल्या बोटात शनीसाठी नीलम. वास्तुतज्ज्ञाच्या सांगण्यावरून स्वयंपाकघराचा ओटा फोडून दुसऱ्या भिंतीला नेला, हे त्यांनीच मोठ्या अभिमानाने सांगितलेलं. कल्याणपर्यंत मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडतात. ते मला म्हणाले, "या वयात जादूगार-बिदूगार? काहीतरी वैचारिक वाचा." म्हणजे साडेसाती खरी आणि ड्रॅगन खोटा? माझा ड्रॅगन पुस्तक मिटलं की आत राहतो. तुमचा शनी बोटात बसून पगार खातो!

यांच्यापेक्षा विद्वान मंडळी जास्त वैताग आणतात. त्यांच्याकडे 'पलायनवाद' हा जड शब्द असतो. तो टाकला की पुस्तक उघडायचे कष्ट वाचतात. यांच्याच कपाटात 'मृत्युंजय' असते, आणि कर्णासाठी डोळे ओले झाल्याचं ते भर सभेत सांगतात. जन्मतःच कवचकुंडलं घेऊन आलेलं पोर, कूळ लपवून मिळवलेली विद्या, ऐनवेळी ती विसरण्याचा शाप. हे काय वास्तववादी साहित्य आहे? तुम्ही तेच वाचता, बाबांनो. फक्त नायकाचं नाव ओळखीचं लागतं.

आणि ही 'वयाला शोभत नाही'ची टूम मराठीत शिरली कुठून? मेघदूत मराठीत आणणाऱ्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टींचं भाषांतर हाती घेतलं, ते काय बालवाडीसाठी? 1861 सालची हळब्यांची 'मुक्तामाला' ही अद्भुतरम्य कादंबरी मिशा फुटलेल्यांनीच वाचली. उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांचा कवी शाह लतीफ मूमलची कथा गातो. मायावी महाल, फसवी वाट, खोटे सिंह. ती ऐकताना कुणी म्हाताऱ्याला 'आजोबा, हे मुलांचं' म्हणून उठवत नाही.

सगळ्यात जुना टीकाकार तर आपल्या पैठणचा. गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहून सातवाहन राजाकडे पाठवली, असं कथासरित्सागर सांगतं. राजाने नाक मुरडलं: भाषा पैशाची, म्हणजे हलकी. गुणाढ्य डोंगरावर गेला, आग पेटवली, आणि एकेक पान जनावरांना वाचून दाखवत जाळत सुटला. हरणं चरायचं विसरून रडत ऐकत राहिली. सहा लाख श्लोक जळाले. राजाला जाग कधी आली? ताटातलं मांस सुकं लागायला लागलं तेव्हा! चौकशी केली, धावत गेला, उरलेले लाखभर वाचवले. ते कशाचे? विद्याधरांचा, म्हणजे आकाशात उडणाऱ्या जादूगारांचा, सम्राट होणाऱ्या एका राजपुत्राचे. हरणांना कळलं, दरबाराला नाही.

आणि अर्थसीसारख्या पुस्तकांवर लागणारं 'यंग अॅडल्ट' हे लेबल म्हणजे मुळात दुकानातल्या फळीवरची पाटी. 1998 साली ब्लूम्सबरीने पहिला हॅरी पॉटर मोठ्यांसाठी वेगळ्या वेष्टनात आणला: कृष्णधवल छायाचित्र, तेही आगगाडीचं. आतलं पुस्तक तेच. चारचौघांत वाचायची लाज फक्त झाकली.

मी झाकत नाही. अर्थसीतला गेड हा पोरगा तोऱ्यात येऊन एक भयाण सावली जगात सोडतो. आधी तिच्यापासून पळतो, मग उलटा तिच्या मागे लागतो, आणि शेवटी गाठून तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. पंधराव्या वर्षी हे वाचलं असतं तर भुताची मस्त गोष्ट वाटली असती. आज, दोन माणसं कायमची दुखावून झाल्यावर, ते पान मी तीनदा वाचलं. कुठल्याही वैचारिक ग्रंथाने मला इतकं कोपऱ्यात घेतलेलं नाही.

परवा त्या गृहस्थांना मी हेच पुस्तक देऊ केलं. त्यांनी शेवटचं पान उलटून पृष्ठांचा आकडा पाहिला आणि परत दिलं. विठ्ठलवाडी यायच्या आत गोळ्या फुटायला लागल्या होत्या.