ताम्रपट लेखकाला, जोखीम प्रकाशकाची



साहित्य अकादमीचा मराठी पुरस्कार 2016 साली आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहाला मिळाला. 2022 साली तो प्रवीण बांदेकर यांच्या 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' या कादंबरीला आणि 2023 साली कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीला लाभला. एक लेखक परभणीकडचा, दुसरा सावंतवाडीचा, तिसरा कोल्हापूर जिल्ह्यातला. तिन्ही पुस्तके मात्र येशू पाटील यांनी उभारलेल्या मुंबईच्या शब्द पब्लिकेशन या एकाच लहानशा संस्थेने काढलेली आहेत. तिन्ही वेळा बातमी डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर आली. लेखकाचे छायाचित्र, एक लाख रुपये, ताम्रपट, शाल, सारे मी वाचले. प्रकाशकाचे नाव मला पुस्तकाच्या आतल्या पानावरच शोधावे लागले.

ही उपेक्षा क्षुल्लक नाही. मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींच्या आसपास निघते, पुष्कळदा त्याहूनही कमी. कागद, छपाई आणि बांधणी यांचे पैसे आधी मोजावे लागतात. विक्रेत्याचे कमिशन वजा होऊन उरलेली रक्कम सावकाश, तुकड्यातुकड्याने परत येते. लेखकाचे नाव अजून कोणाला ठाऊक नसते, विषयही खपाऊ नसतो, आणि तरी एक माणूस हस्तलिखित वाचून म्हणतो, "हे मी छापतो." पुरस्कार त्यानंतर येतो. तो लेखकाचा असतो आणि तसाच असावा. पण त्या पहिल्या होकाराची आठवण ठेवणे हे वाचकाचे कर्तव्य आहे.

आमच्या धर्मग्रामातील एक जाणते गृहस्थ मला म्हणाले, "फादर, पुरस्कार म्हणजे सगळा वशिला हो!" मी त्यांचा आदर करतो, परंतु हे विधान आळसाचे आहे. परीक्षक चुकतात आणि चांगले लेखक राहून जातात, हे मला मान्य आहे. तथापि, वशिल्यावरच निवड व्हायची असती, तर एका लहान संस्थेच्या पुस्तकांवर अकादमीची मोहोर वारंवार का उमटावी? आणि मुख्य म्हणजे, त्या गृहस्थांनी यांपैकी एकही पुस्तक उघडलेले नव्हते. न वाचता केलेली स्तुती जितकी पोकळ, तितकीच न वाचता केलेली निंदाही पोकळ.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. धर्मग्रामाच्या वाचनालयात संतचरित्रे असावीत, कादंबऱ्या कशाला? ज्या ख्रिस्ती समाजातील बाबा पदमनजींनी 1857 साली 'यमुनापर्यटन' लिहून विधवांचे दुःख मराठी गद्यात आणले, आणि ज्यांच्या त्या पुस्तकाला मराठीतील पहिली कादंबरी म्हटले जाते, त्या समाजाने हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटते. 'रिंगाण' ही धरणामुळे उठलेल्या गावाची आणि मागे राहिलेल्या म्हशीची कथा आहे. निम्न दुधना प्रकल्पाच्या पाण्याने परतूर तालुक्यातील शेतांचे आणि घरांचे काय केले, हे जालना जिल्ह्याला कोणी सांगायला नको. लोमटे ज्या परभणीच्या मातीतून लिहितात, त्या जिल्ह्यातच हा परतूर तालुका 1981 पर्यंत होता. ही माणसे आपल्याच शेजारची आहेत. शेजाऱ्याचे दुःख समजून घेण्यास आडकाठी करणारी भक्ती मला तरी सेमिनरीत कोणी शिकवली नाही.

येथे मला माझाही अपराध सांगितला पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयासाठी मी एका लहान प्रकाशकाला पत्र लिहिले: आमचे काम सेवेचे, आमची माणसे गरीब, तरी काही पुस्तके विनामूल्य पाठवावीत. पंधरा दिवसांत पार्सल आले. टपालखर्चही त्यांनीच भरला होता. मी आभाराचे पत्र पाठवले आणि समाधान पावलो. पुढे त्यांची गाठ पडली तेव्हा बोलण्याच्या ओघात कळले की त्या वर्षी कागदवाल्याची बाकी चुकती करण्यासाठी त्यांनी घरातले सोने गहाण ठेवले होते. त्यांनी माझ्याकडे तक्रार केली नाही. मला मात्र त्यांच्याकडे पाहवेना. त्याच वर्षी आमच्या सणाच्या मंडपावर आणि विद्युत रोषणाईवर किती खर्च झाला, ते हिशेबाच्या वहीत माझ्याच सहीने लिहिलेले होते. गरीब आम्ही होतो की ते?

आज तर पत्र लिहिण्याचेही कष्ट नकोत. पुरस्काराची बातमी येते, आणि चार दिवसांत मोबाइलवर विचारणा होते, "फादर, त्याची पीडीएफ आहे का?" विचारणारा मुलगा सज्जन असतो, रविवारी मिस्साला न चुकता येतो. दुकानातून वही उचलून पैसे न देता तो कधी बाहेर पडणार नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र तसे केल्यास त्याला चोरी वाटत नाही. ही समजूत त्याला आपणच दिली, कारण पुस्तक विकत घेताना त्याने घरात कोणाला पाहिलेच नाही.

म्हणून माझी तीन मागण्यांची यादी आहे. आपल्या समाजाच्या नियतकालिकांनी पुरस्काराची बातमी देताना प्रकाशकाचे नाव छापावे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षाच्या अंदाजपत्रकात पुस्तकांसाठी स्वतंत्र रक्कम ठेवावी आणि पूर्ण किंमत देऊन पुस्तके घ्यावीत. आणि प्रत्येक कुटुंबाने येत्या नाताळला एक मराठी कादंबरी विकत आणावी, जेवणानंतर तिची चार पाने मोठ्याने वाचावीत.

आमच्या वाचनालयासाठी 'रिंगाण'च्या दोन प्रतींचे पैसे मी मागील आठवड्यात पाठवले. त्या गृहस्थांना पहिली प्रत देणार आहे. वाचून झाल्यावर त्यांनी वशिल्याविषयी पुन्हा बोलावे. मी ऐकून घेईन.