ताबा, मालकी आणि आठ पाने

लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात तेराव्या शतकातली आठ पाने आहेत. चर्मपत्रावर रंगवलेल्या कमानी, त्यांना पेलणारे नक्षीदार खांब, कमानींच्या माथ्यावर पक्षी, बाजूला झाडे आणि सगळीकडे खेळवलेले सोने. ज्या ग्रंथाची ही पाने, तो आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानच्या मातेनादारान या हस्तलिखितागारात आहे. या पानांवरून अमेरिकेत पाच वर्षे खटला चालला आणि सप्टेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली. पाने मुळात आर्मेनियन चर्चची आहेत हे संग्रहालयाने मान्य केले आणि चर्चने ती संग्रहालयालाच दान केली. म्हणजे पाने जागची हललीच नाहीत. मग न्याय झाला, की नुसती समजूत काढली गेली? या प्रश्नाचा नीट विचार व्हायला हवा, कारण असे वाद जगभर उभे आहेत.

आधी ग्रंथाविषयी. युफ्रेटिसच्या काठी ह्रोमक्ला नावाचा किल्ला होता. आर्मेनियन चर्चच्या प्रमुखाचे, कॅथोलिकोसचे, पीठ तेव्हा तिथे होते. तिथेच १२५६ मध्ये तोरोस रोस्लिन याने कॅथोलिकोस पहिला कॉन्स्टंटाइन यांच्यासाठी चार शुभवर्तमानांचा हा ग्रंथ सजवला. रोस्लिन हा मध्ययुगीन आर्मेनियाचा सर्वांत नावाजलेला चित्रकार. त्याच्या सहीची जी हस्तलिखिते आज माहीत आहेत, त्यांतले हे सर्वांत जुने. पुढे हा ग्रंथ डोंगराळ भागातल्या झैतून या गावी राहिला, म्हणून त्याला झैतूनचे शुभवर्तमान म्हणतात.

आठ पानांवरच्या कमानी केवळ शोभेच्या नाहीत. चौथ्या शतकात सीझेरियाचा बिशप युसेबियस याने चारही शुभवर्तमानांतले समान प्रसंग एका नजरेत सापडावेत म्हणून आकड्यांची दहा कोष्टके तयार केली. हस्तलिखितांच्या सुरुवातीला ती कमानींखाली मांडण्याची प्रथा पडली. आर्मेनियन भाष्यकारांनी, त्यांत बाराव्या शतकातले कॅथोलिकोस नेर्सेस श्नोर्हाली यांचे नाव मोठे, या कमानींतल्या रंगांना, पक्ष्यांना, झाडांना अर्थ दिले. वाचकाने आधी या पानांवर डोळे आणि मन स्थिर करावे, मग पवित्र शब्दांकडे वळावे, अशी त्यामागची भावना. कमानींखालचे आकडे पुढच्या मजकुराच्या समासातल्या आकड्यांशी जुळतात. ग्रंथापासून तोडली की ती पाने सुंदर राहतात, पण त्यांतले आकडे कुठेच पोहोचवत नाहीत. महाद्वार एका गावी आणि गाभारा दुसऱ्या गावी, अशी ही अवस्था आहे.

ही तोडातोड शांततेच्या काळात झालेली नाही. १९१५ च्या वसंतात ऑटोमन सत्तेने ज्या आर्मेनियन वस्त्या सर्वांत आधी उठवल्या, त्यांत झैतून होते. आर्मेनियन लोकांच्या संहाराच्या त्या वर्षांत ग्रंथ मराश शहरात गेला, हातोहाती फिरला आणि त्या धामधुमीत सुरुवातीची पाने वेगळी झाली. ती अमेरिकेतल्या एका आर्मेनियन कुटुंबाकडे अनेक दशके होती. १९९४ मध्ये गेटीने ती त्या कुटुंबाकडून विकत घेतली. २०१० मध्ये चर्चच्या अमेरिकेतल्या पश्चिम धर्मप्रांताने दावा लावला आणि पानांसह १० कोटी ५० लाख डॉलरची मागणी केली.

संग्रहालयाची बाजू कमकुवत नव्हती. पाने चोरबाजारातून आलेली नव्हती. ती रीतसर घेतली, जपली, लोकांना दाखवली, अभ्यासकांना खुली केली. ज्या कुटुंबाकडून घेतली तेही आर्मेनियनच होते. ती पाने आपल्यापाशी राहिली म्हणूनच टिकली, असे संग्रहालयाने म्हटले तर तेही सहज खोडता येणार नाही. दाव्याची मुदत केव्हाच उलटली, हाही बचाव होता. शिवाय परत करायची तर कुठे? झैतूनमध्ये आज आर्मेनियन वस्ती उरलेली नाही. उलट लॉस एंजेलिस परिसरात आर्मेनियन समाज मोठ्या संख्येने राहतो आणि त्यांतले कितीतरी जण संहारातून वाचलेल्यांची नातवंडे-पतवंडे आहेत.

चर्चची बाजू मात्र याहून मुळातली होती. ग्रंथ चर्चच्या प्रमुखासाठी तयार झाला. त्या कॅथोलिकोसपदाची परंपरा खंडित झालेली नाही. तिचे पीठ आज लेबनॉनमध्ये अँटेलियासला आहे आणि दावा लावणारा धर्मप्रांत त्याच पीठाचा. ही पाने चर्चने कुणाला विकली नाहीत, दिली नाहीत. आपल्याकडे जमिनीच्या वादात ताबा आणि मालकी यांतला फरक शेतकऱ्यालाही सांगावा लागत नाही. ज्याची वहिवाट त्याचीच जमीन असे नाही, हे त्याला ठाऊक असते. तोच फरक इथे आहे. त्यातून मालकाला वहिवाट करताच येऊ नये म्हणून गावेच्या गावे उठवली गेली असतील, तर गेलेल्या वर्षांचा हिशेब त्याच्या नावे कसा मांडायचा?

अशा प्रत्येक दाव्याला मान दिला तर जगातली संग्रहालये रिकामी होतील, हा आक्षेप नेहमी येतो. त्यात तथ्य आहे. लिंडिसफार्नचे शुभवर्तमान इंग्लंडच्या ईशान्येला तयार झाले. सोळाव्या शतकात राजाने मठ बंद केले, पुढे ग्रंथ रॉबर्ट कॉटन यांच्या संग्रहात आला आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ईशान्येकडच्या लोकांना तो आपल्या भागात हवा आहे आणि त्यांची ओढ खरी आहे. पण ज्या मठाचा तो ग्रंथ, तो मठ आज नाही. झैतूनच्या बाबतीत हिसकावून घेणे जवळच्या इतिहासातले आहे, मूळ मालकाची परंपरा जिवंत आहे आणि पाने कोणत्या ग्रंथातली हे निर्विवाद आहे. या तीन कसोट्या लावल्या तर दाव्यांचा पूर येणार नाही. जे खरे आहेत ते वर येतील.

लुटलेल्या ग्रंथाचा मालक कोण, याचे उत्तर आर्मेनियन परंपरेनेच फार पूर्वी दिलेले आहे. आपल्या पोथ्यांच्या शेवटी लेखक पुष्पिकेत पोथी तेला-पाण्यापासून जपा, मूर्खाच्या हाती देऊ नका, अशी विनवणी करीत असे. आर्मेनियन लेखकही शेवटी अशी नोंद करीत आणि ग्रंथ पुढे लुटला गेला, तर त्याला बंदिवान माणसासारखे खंडणी भरून सोडवणाऱ्याचे नावही त्यात लिहिले जाई. ज्याच्याकडे ग्रंथ बंदिवान म्हणून आहे तो त्याचा मालक होत नाही, आणि सोडवणाऱ्याचे पुण्य मोठे, ही समज त्या नोंदींत आहे.

म्हणून आमच्या मते ही तडजोड योग्य होती. चर्चने दान केले याचा अर्थच असा की दान करण्याजोगी मालकी त्याच्याकडे होती. पूर्वी खरेदीखताच्या बळावर असलेली पाने आता मालकाच्या संमतीने तिथे आहेत. बाहेरून काही बदललेले दिसत नाही, पण संहारात बळी पडलेल्यांच्या वारसांसाठी हा बदल लहान नाही. पैशापेक्षा तो मोलाचा आहे.

तरी काम पुरे झालेले नाही. ग्रंथ अजून दोन ठिकाणी आहे. तो कायमचा एकत्र आणणे आज अवघड असेल, पण ठरावीक वर्षांनी आठ पाने आणि मूळ ग्रंथ शेजारी शेजारी मांडणे अवघड नाही. कधी येरेवानला, कधी लॉस एंजेलिसला. आणि जुनी हस्तलिखिते बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेने कलाकृतीखालच्या पाटीवर चित्रकाराच्या नावाइतक्याच ठळकपणे ती आपल्याकडे कशी आली तेही लिहावे. रोस्लिनच्या कमानी पाहायला येणाऱ्याला झैतूनचे नाव वाचायला मिळाले पाहिजे.