मोबाइलवरील सल्ला : आवडीचा की शेताच्या गरजेचा?

जमीन पाहून पीक घ्यावे व पीक पाहून खत द्यावे, हे शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेचे तत्त्वही हेच आहे : ज्याची जशी जमीन, तसा त्यास सल्ला. आज मोबाइलही प्रत्येकास निराळा मजकूर दाखवितो. एकाच पारावर बसलेल्या दोघांनी यूट्यूब उघडल्यास एकापुढे उसाची लागवड येते, तर दुसऱ्यापुढे कुस्तीचा फड. त्यामुळे मोबाइल आपले शेत ओळखतो, असा समज काही ठिकाणी आढळून येतो. हा समज घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही निवड कशी होते, हे प्रथम पाहू. आपण काय शोधले, कोणता व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, कोणता अर्ध्यावर सोडला, कशास पसंती दिली, ह्या सर्वांची नोंद आपल्या खात्यात होत असते. त्या नोंदीवरून, आणि आपल्यासारखीच आवड असणाऱ्या इतर लोकांनी काय पाहिले त्यावरून, पुढील मजकूर निवडला जातो. यूट्यूबने २०१२ साली किती जणांनी व्हिडिओ उघडला यापेक्षा तो किती वेळ पाहिला गेला यास अधिक महत्त्व देण्यास आरंभ केला. आपण जितका अधिक वेळ थांबू, तितक्या अधिक जाहिराती दाखविता येतात. आपल्या जमिनीची खोली, विहिरीचे पाणी आणि पिकाची अवस्था मात्र ह्या हिशेबात येत नाहीत.

कपाशीचेच उदाहरण घेऊ. एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याने गुलाबी बोंडअळीवरील एक भडक व्हिडिओ पाहिला, की तशाच व्हिडिओंची रीघ लागते. त्यांत बागायती कपाशीचे असतात, परप्रांतातील असतात, गेल्या हंगामातीलही असतात. वारंवार तेच दिसू लागले म्हणजे अळी आपल्याच शेतात शिरली असे वाटू लागते व फवारणीची घाई होते. वास्तविक कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग सापडले, अथवा १० टक्के फुले वा बोंडे किडलेली आढळली, तरच फवारणीचा विचार करावयाचा असतो. ही मोजणी शेतातच करावी लागते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्याचे कारण मोबाइल नव्हता. तथापि अनावश्यक फवारणीत केवळ पैसाच नव्हे, तर जीवही पणास लागतो, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

म्हणून मोबाइल टाकून द्यावा, असे मुळीच नाही. त्यास वळण लावावे. निरुपयोगी व्हिडिओ समोर आल्यास त्याच्या बाजूची तीन टिंबे दाबून ‘स्वारस्य नाही’ असे कळवावे. फसव्या चॅनेलची शिफारस तेथूनच बंद करता येते. कृषी विद्यापीठे व कृषी विज्ञान केंद्रे यांची चॅनेले निवडून ठेवावी. शोधताना नुसते ‘कपाशी’ न लिहिता आपला जिल्हा, कोरडवाहू की बागायती आणि महिना हेही लिहावे. पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद अधूनमधून पुसून टाकावी. घरात एकच मोबाइल असल्यास मुलांकरिता निराळे खाते असावे. अन्यथा मुलांची करमणूक आणि वडिलांची शेती यांची सरमिसळ होते. शंका राहिल्यास किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ ह्या विनामूल्य क्रमांकावर विचारावे.

आता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांविषयी. यंत्र आवडीप्रमाणे वाटप करते, हा त्याचा दोष. परंतु आपणही पुष्कळदा एकच संदेश साऱ्या गावास पाठवून मोकळे होतो. द्राक्षबागायतदाराचा सल्ला ज्वारीवाल्यास गेला, की तो पुढील संदेश उघडीतच नाही. त्याऐवजी पीक, जमीन व पाण्याची सोय यांनुसार शेतकऱ्यांच्या याद्या कराव्या. व्हॉट्सॲपवरील एका प्रसारण यादीत २५६ जणांचा समावेश होऊ शकतो. मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच संदेश पोहोचतो, हे ध्यानात ठेवावे. प्रत्येक संदेशाच्या आरंभी पीक, अवस्था, जमिनीचा प्रकार व दिनांक लिहावा. म्हणजे तो आपल्यासाठी आहे की नाही, हे शेतकऱ्यास तत्काळ कळेल.

गावातील शेताची ओळख यंत्रास नाही. ती शेतकऱ्यास आहे आणि नित्य बांधावर जाणाऱ्या कार्यकर्त्यास आहे. मोबाइलने सुचवावे, परंतु निर्णय शेतात उभे राहूनच घ्यावा. येत्या हंगामात प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या याद्या पेरणीपूर्वी तयार कराव्या, अशी आग्रहाची विनंती आहे.