टक्केवारी कुणाची, डबा कुणाचा?

खाऊच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला असतो. त्यात दैनंदिन गरजेची टक्केवारी सांगणारा एक रकाना असतो. काही जागरूक पालक तो वाचतातही. सोडियम ३५ टक्केच आहे ना, मग असू दे, असे म्हणून पाकीट मुलाच्या डब्यात जाते.

पण हे टक्के कुणाच्या गरजेचे? नियमानुसार ते दिवसाला २००० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाच्या हिशेबाने काढलेले असतात. त्याच्यासाठी वरून घातलेली साखर ५० ग्रॅम आणि सोडियम २००० मिलिग्रॅम धरतात. डबा मात्र पहिलीतल्या मुलाचा असतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १३६० किलोकॅलरी लागतात, म्हणजे प्रौढाच्या दोन तृतीयांश. मुलांची मिठाची मर्यादाही त्याच प्रमाणात खाली आणावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आता हिशेब करून पाहा. झटपट नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या पाकिटात ७०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर तक्ता ३५ टक्के म्हणतो. त्या मुलासाठी मात्र ते दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त झाले. (सोडियमला अडीचने गुणले की मीठ कळते, इथे पावणेदोन ग्रॅम.) साखरेचेही तसेच. फळांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या २०० मिलिलिटर पेयात दर १०० मिलिलिटरला १२ ग्रॅम साखर असेल, तर ते सहा चमचे झाले. शिवाय टक्केवारी अनेकदा पूर्ण पाकिटाची नसते, कंपनीने ठरवलेल्या एका 'सर्व्हिंग'ची असते. पाकीट अर्धे खाऊन उरलेले घरी आणणारे मूल मी अजून पाहिलेले नाही.

एखाद्या पाकिटाने काही बिघडत नाही. प्रश्न रोजच्या पाकिटाचा आहे. अशा मुलांत आम्हाला सरकारी रुग्णालयात पहिल्यांदा रक्तदाब किंवा मधुमेह दिसत नाही. दिसते ते साधेच असते: कडक शौच आणि त्यामुळे दुखणारे पोट, किडलेल्या दाढा, दुपारी भाजी-पोळी नको म्हणणारे मूल. गोबरे गाल पाहून आई निश्चिंत असते आणि रक्त तपासले की हिमोग्लोबिन कमी निघते. मैदा, साखर आणि तेलाने भूक मरते. लोह, प्रथिने आणि चोथा पोटात जातच नाही.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये नियम केला, की जास्त मीठ, साखर आणि मेद असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत. चांगला नियम आहे. तो किती पाळला जातो, हे कोणत्याही शाळेसमोरच्या टपरीवर दिसेल. पण डब्यातून येणाऱ्या पाकिटाला तो लागूच नाही.

यात आईला दोष देण्यात अर्थ नाही. सकाळी सातची शाळा, नळाला पाणी येण्याची वेळ, स्वतःची कामाची पाळी आणि पाच रुपयांत मूल खूश. तिला पाककृतींची यादी नको, सोपा पर्याय हवा. रात्रीच्या पोळीला शेंगदाण्याची चटणी लावून केलेली गुंडाळी, फुटाणे-शेंगदाणे, उकडलेले अंडे, केळे. यातल्या कशालाच सकाळी दहा मिनिटांहून जास्त लागत नाहीत. घरचे म्हणून पापड, लोणचे किंवा फरसाण मात्र रोज देऊ नका. मीठ तिथेही तेच असते. गूळही शेवटी साखरच.

चिली देशाने २०१६ पासून अशा पाकिटांवर दर्शनी बाजूलाच काळे अष्टकोनी इशारे छापायला लावले. आपल्याकडे २०२२ च्या मसुद्यात ताऱ्यांची पद्धत सुचवली गेली. त्यात थोडे धान्य किंवा सुकामेवा घातला की साखरेचे वजन काही अंशी झाकले जाते. मला इशारा जास्त पटतो. निरक्षर आजीलाही तो दुकानातच कळेल.