मला मेजर म्हणू नका

आमच्या साताऱ्याकडं पेन्शनीवर आलेला प्रत्येक फौजी ‘मेजर’. ऐकायला गोड, पण मला पटत नाही. मी हवालदार म्हणून घरी आलो. आधी लान्सनायकाची एक फीत, मग नायकाच्या दोन, मग तीन. घाम गाळून मिळवल्या. फुकटची बढती कशाला?

पारावर आम्ही म्हातारे वर्दीवरून भांडतो. कुणाला जुनी ऑलिव्ह ग्रीन प्यारी, कुणी २०२२ च्या नव्या ठिपक्यांच्या वर्दीला नावं ठेवतो. अरे, कापड बदलणारच! पहाटे उठणं, बूट चमकवणं, दिलेली वेळ पाळणं सुटलं का?

गाव मात्र आम्हाला मेजर म्हणतं आणि दहाच्या ग्रामसभेला बाराला येतं. मान द्यायचाय ना? मग हवालदारच म्हणा, पण वेळेवर या.